पालथी फळी

त्र्यंबकनाना भावसार बसून काम करताहेत, असे दृश्य मी कधी पाहिले नाही. लाकडावर चित्र कोरणारी माणसे पुढ्यात वाळूची पिशवी घेतात, तिच्यावर ठोकळा ठेवतात आणि हत्याराचा हात स्थिर धरून ठोकळा हळूहळू फिरवतात. नाना उलटे करत. ठोकळा टेबलाला पक्का आवळून टाकत आणि स्वतः टेबलाभोवती फिरत. संध्याकाळपर्यंत जमिनीवर भुसा साचे आणि त्यात नानांच्या पावलांची गोल वाट पडलेली असे. झाडायला येणारी बाई वैतागून म्हणायची, "तेलीना घानाना बैल बी कव्हय तरी उभा ऱ्हास, नाना." नाना हसत, पण उभे राहत नसत.

आमचा छापखाना धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होता. मी तिथे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवत असे. खिळे जुळवणे म्हणजे सकाळी स्टुलावर बसायचे ते दिवस कलल्यावर उठायचे. मला ते आवडे. हिंडणाऱ्या माणसांविषयी मला पहिल्यापासून थोडा संशय आहे. घरी काहीतरी बिनसले असल्याशिवाय माणूस इतका बाहेर का जाईल, असे वाटते. नानांच्या घरी काहीच बिनसलेले नव्हते. काकू समंजस होत्या, मुलगी चांगल्या घरी पडली होती. तरी हा माणूस खिडकीशी जाई, दारात जाई, परत येई, माझ्या स्टुलाशी थांबल्यासारखे करी आणि म्हणे, "बसेल मानूसले काय दिखस, खिळेमास्तर? समोरनी भीत." मी म्हणे, मला भिंत पुरते. ते म्हणत, "तुले पुरी. मना हातले मुंग्या येतीस."

नाना मूळचे रंगारी घराण्यातले. त्यांचे वडील लाकडी ठशांनी फडक्या छापत. फडकी म्हणजे डोंगरातल्या बायका डोक्यावरून घेतात ते छापील कापड. बापलेक फडक्यांचे गाठोडे घेऊन साक्रीच्या बाजाराला जात आणि बाजार उठला की पुढे डोंगरातल्या पाड्यांवर. तिथल्या बायका कापड हातात घेतले की आधी उलटे करून पाहत; रंग पाठीपर्यंत उतरला असेल तरच घेत. पुढे गिरणीचे छापील कापड स्वस्त झाले, वडील गेले आणि रंगाच्या घागरी पालथ्या पडल्या. नाना आमच्या छापखान्यात जाहिरातींची चित्रे कोरायला आले. केशतेलाच्या बाटल्या, औताचे बैल, कुस्त्यांच्या जाहिरातीतले पहिलवान.

त्यांच्यात एकच खोड होती. लाकडावर जसे कोरावे त्याच्या उलट कागदावर उमटते, डावे उजवीकडे जाते. म्हणून छापखान्यातला कोरणारा चित्र आधी उलटे घेतो. कापडावरच्या वेलबुट्टीला डावे काय नि उजवे काय, त्यामुळे नानांना ती सवय कधी लागलीच नाही. डोळ्याला जसे दिसले तसे ते कोरत. एकदा जामनेरच्या एका पहिलवानाची जाहिरात निघाली आणि तो गडी भलत्याच हाताने शड्डू ठोकताना दिसला. पहिलवान स्वतः दारात येऊन उभा राहिला. "माले डावखुरा करी टाकं," तो म्हणाला, "आते समोरना मानूस डाव बदली ईल." छापखान्याच्या मालकांनी त्याची माफी मागितली. मी नानांना बोललो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा बैलही डाव्याचा उजवा केला.

साक्रीच्या बाजाराचा दिवस आला की नाना छापखान्यात नसत. मालकांनी पगार कापून पाहिला, रागावून पाहिले, मग नाद सोडला. फडक्या विकायच्या राहिल्या होत्या तरी त्यांचे जाणे चालूच होते. बाजारातून पुढे चढ चढून सावरपाड्याला जायचे, दिवसभर कोणाच्या तरी अंगणात, खळ्यात, मोहाच्या झाडाखाली घुटमळायचे आणि परत यायचे. कागद-पेन्सिल कधी बरोबर नेत नसत. नुसते पाहून येत. परत आले की दोन दिवस कोणाशी धड बोलत नसत, टेबलाभोवतीची चाल वाढे आणि सागाच्या तुकड्यातून एकेक माणूस वर येई.

ती चित्रे मी छापत असे. कामाच्या वेळेनंतर, मालकांच्या डोळ्याआड, उरल्यासुरल्या कागदावर. त्यांत धनुष्यबाण नव्हते, कमरेवर घागर घेतलेल्या देखण्या बायका नव्हत्या. एक बाई मोहाची फुले वेचून थकलेली आणि टोपलीवरच हात टेकून उभी. घर शाकारताना वरचा माणूस खालच्यावर खेकसतोय. बाजारातून परतताना एकाच कोंबडीवरून दोघींचे भांडण जुंपलेले. आणि एक म्हातारा, जो नुसताच बसलाय. मी विचारले, हा काय करतोय? नाना म्हणाले, "काहीच नही. तेच तर भारी शे." मी म्हटले, तुम्ही कागदावर का नाही काढत, इतका खटाटोप कशाला? तेव्हा ते जे बोलले ते पुढे मी पुष्कळदा ऐकले. "कागदवरना मानूस वारा उना का उडी जास. लाकूडम्हातला थांबस."

मुंबईला चित्रांची प्रदर्शने भरवणारे एक गृहस्थ एकदा मालकांकडे उतरले होते. छापखान्यात मालकांचे लक्ष नसे अशा कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेली ती चित्रे पाहून ते खुर्चीवरून उठले. माणूस भला होता, हे आधीच सांगतो. त्यांनी नानांना नमस्कार केला आणि म्हणाले, "ही मुंबईत लागली पाहिजेत. तुमच्या नावानं." मात्र सगळी चित्रे लहान होती. एखादे मोठे हवे, ज्याच्यापुढे येणारा-जाणारा उभा राहील, आणि त्याच्या पुष्कळ प्रती हव्यात. जमलेच तर एखादा तिरंदाज. नानांनी प्रामाणिकपणे विचार केला. "धनुष्य शे जात्र्याना घरम्हा," ते म्हणाले, "पन त्यावर कांदा टांगेल शे." गृहस्थ हसले आणि म्हणाले, मग धनुष्य राहू दे, जात्र्या द्या.

त्या दिवसापासून नाना जेवायलाही उभेच. इतकी वर्षे ज्याला लोक 'ठसेवाला' म्हणत आले, त्याला कोणीतरी नावाने विचारले होते. ते त्यांना हवे होते. किती हवे होते ते त्यांनी सांगितले नाही, पण मला दिसत होते.

जात्र्या म्हणजे चित्रातला तोच नुसता बसलेला म्हातारा. सावरपाड्याचा कोकणा आदिवासी. घरात ती माणसे आपली बोली बोलत, आमच्याशी आमची. तरुणपणी अस्वलाने त्याचा डावा कान फाडला होता. ती हकीकत तो मोठ्या आनंदाने सांगे आणि दर वेळी अस्वल थोडे मोठे होई. नाना त्याच्यापेक्षा लहान, तरी तो त्यांना "नाना" म्हणे आणि वर "तू" म्हणे.

नानांनी त्याच्यासाठी सागाची छातीएवढी उंच फळी मिळवली आणि तिच्यावर तो पुरा माणूस उतरवला. मोहाखाली बसलेला, गुडघ्यावर हात, फाटका कान, आणि चेहऱ्यावर ते काहीच न करण्याचे समाधान, जे नानांना जन्मात मिळाले नाही. बहुतेक म्हणूनच ते त्यांना इतके नीट दिसले असावे. वरचे दोन कोपरे मोकळे वाटले म्हणून त्यांनी एका कोपऱ्यात सूर्य आणि दुसऱ्यात चंद्रकोर कोरली. मी विचारले, हे कुठून आले? ते म्हणाले, सावरपाड्याच्या वेशीबाहेर अशा फळ्या उभ्या असतात, कशाच्या ते कधी विचारले नाही, त्यांवर असतात सूर्य-चंद्र, छान दिसतात. एवढी फळी आमच्या यंत्रात बसेना. शाई लावून, वर कागद अंथरून, पळीच्या पाठीने घासून आम्ही एक प्रत काढली. नानांनी इतके चांगले दुसरे काही केले नाही. मी तेव्हाच तसे म्हणालो.

बाकीच्या प्रती काढायच्या आधी फळी जात्र्याला दाखवायची, असे त्यांच्या मनाने घेतले. कागद नको, फळीच. ती जड, म्हणून मला बरोबर नेले. साक्रीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, आणि चढाला आम्ही दोघे, पुढे नाना, मागे मी. माझे पाय बोलायला लागले होते. नाना मात्र पुढचे टोक धरून जवळजवळ पळत होते.

जात्र्याच्या अंगणात फळी भिंतीला टेकवली. माणसे जमली. पहिल्यांदा सगळी हसली, कान ओळखला. मग कोणीतरी वर पाहिले. सूर्य. चंद्र. हसणे थांबले. जात्र्याची म्हातारी घरातून बाहेर आली, फळीपुढे मटकन खाली बसली आणि तिने सूर लावला. मेलेल्या माणसासाठी लावतात तो. एकेक करून बाकीच्या बायकाही तिच्याजवळ जाऊन बसल्या.

आम्हाला कळेना. सांगितले ते जात्र्याच्या पुतण्याने, हलक्या आवाजात. वेशीबाहेरच्या त्या फळ्या म्हणजे गावातली मेलेली माणसे. माणूस गेला की सागाच्या फळीवर त्याला कोरायचे, डोक्यावर सूर्य-चंद्र द्यायचे आणि उभे करायचे, म्हणजे त्याचा जीव भटकत नाही. जिवंत माणसाला कोणी तसे कोरत नाही.

नाना फळीकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच एका जागी उभे पाहिले. जात्र्या मात्र ओट्यावर होता तसाच बसून होता. त्याने आपला हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मी जित्ता शे ना?" मग तो नानांना म्हणाला, "नाना, तू माले मारं नही. पन तू माले थांबाडी टाकं."

गावच्या भगताला बोलावले. त्याने फळीला हळद लावली, पुष्कळ वेळ डोळे मिटले आणि सांगितले की आता ही फळी या गावची. ती जात्र्याच्या घरात माळ्यावर पालथी ठेवायची. तिच्यावर शाई चढवायची नाही, कोणी तोंड बघायचे नाही. जात्र्याची वेळ येईल तेव्हाच ती सरळ होईल. "ज्यानं कोरी त्यानीच उभी करनी," तो म्हणाला. नानांनी मान डोलावली. एका शब्दाने घासाघीस केली नाही. फळी माळ्यावर चढवायला ते स्वतः हात लावत होते. तेवढ्यात रडून मोकळी झालेली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "सूर्या काढा, चांद काढा, मंग घोडं का बरं नही काढं?" वेशीवरच्या फळ्यांत प्रत्येक जण घोड्यावर असतो म्हणे, जन्मात ज्याने घोड्याला हात लावला नाही तोसुद्धा. जात्र्याला बसवूनच ठेवले, याचे तिला खरे वाईट वाटले होते.

धुळ्याला परतलो. मुंबईचे गृहस्थ यायचे होते आणि आमच्यापाशी एकच कागद होता. मी म्हटले, हा पाठवून द्या, तेवढ्यावर काम भागेल, आणि डोंगरात कोणाला कळणार आहे? नाना टेबलाभोवती फिरत राहिले. टेबलावर ठोकळा नव्हता, तरी फिरत राहिले. सकाळी आलो तर कागद नव्हता आणि नानाही नव्हते.

ते सावरपाड्याला गेले होते. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. कागद जात्र्यापुढे धरून त्यांनी विचारले होते, हा नेऊ का मुंबईला? जात्र्याने कागद जवळ घेतला, लांब धरला आणि परत दिला. नानांनी त्याचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले. "हाऊ मी नही. मना डावा कान अस्वलनी फाडा, याना जेवना फाटेल शे. हाऊ दुसरा कोनी शे. लई जा त्याले ममईले." जेवना म्हणजे जेवायच्या हाताकडचा, उजवा.

मला हसू आले. सुटलो, असेच मी म्हणालो. नाना हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरची चित्रे एकेक करून पाहिली. मोह वेचणारी बाई कोणता हात टोपलीवर टेकते, शाकारणारा कोणत्या हाताने दोरी ओढतो. सगळी उलटी. "मंग इतला वरीस मी कागदवर कोनले आनं, खिळेमास्तर?" त्यांनी विचारले. मी सांगितले की चित्र चित्र असते. त्याने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही.

गृहस्थ आले, त्यांनी तो कागद पाहिला आणि खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. मग म्हणाले, फळी गेली तर गेली, यावरून दुसरी कोरा. प्रती निघाल्या पाहिजेत, नाहीतर हे एक चित्र एकाच घरात जाऊन बसेल. नाना शांतपणे म्हणाले, "एकडाव म्हाताराले थांबाडं. दुसरांदा नही." गृहस्थांनी पुन्हा समजावले, मालकांनी समजावले. नानांनी हातातली पटाशी फडक्याला पुसून ठेवली. शेवटी तो एकच कागद आणि बाकीची लहान चित्रे घेऊन गृहस्थ गेले.

प्रदर्शन भरले तेव्हा मालकांनी नानांना रजा दिली, तिकीटही काढून दिले. नाना धुळ्याच्या स्टेशनावर गाडीत चढले, चाळीसगावला उतरले. तिथे मुंबईची गाडी यायला वेळ होता. फलाटावर येरझाऱ्या घालता घालता त्यांना काय वाटले कोण जाणे, ते उलट धुळ्याच्या गाडीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी साक्रीच्या बाजारात कोणालातरी दिसले. आपले नाव तिथे भिंतीवर कसे दिसत होते, ते त्यांनी कधीच पाहिले नाही. जात्र्याचा कागद एका पारशी घरात गेला असे नंतर ऐकले.

यानंतर त्यांनी माणसे कोरली नाहीत. तेलाच्या बाटल्या आणि बैल कोरले, पोटापुरते. पण सावरपाड्याच्या खेपा वाढल्या. जिथे मनाला येईल तिथे जाणारा माणूस आता एका ओट्याला बांधला गेला होता. अंगणात शिरताना ते ओरडत, "जित्ता शे का देखाले उनू." जात्र्या आतून म्हणे, "अजून शे. तू थकी जाशी, पन मी नही." कधीकधी तो माळ्याकडे बोट दाखवून विचारी, वरचा म्हातारा झाला का? दोघे खो-खो हसत. म्हातारी दोघांनाही शिव्या घाले आणि भाकरी वाढे.

आणि झाले ते उलटेच. नाना आधी गेले. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. अंथरुणावर पडून राहणे त्यांना जमले नाही. काकू सांगत, शेवटपर्यंत पांघरुणाखाली पाय हलत होते. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज अगदी गेला होता. मला जवळ बोलावून एवढेच म्हणाले, "जात्र्यानी फयी ऱ्हाई गई." मला रडू आवरले नाही. मी त्यांच्यावर फार प्रेम करत होतो, आणि हे त्यांना सांगायला मला स्टुलावरून उठावे लागले असते, म्हणून कधी सांगितले नव्हते.

दिवस झाल्यावर मी सावरपाड्याला गेलो, एकटा. चढाला तीन-चारदा बसलो. जात्र्या ओट्यावर होता. मी सांगितले. त्याने कानावरून हात फिरवला, फाटक्या. म्हणाला, "मंग मनी फयी आते कोन उभी करी?"

मी म्हणालो, "मी करीन."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुले तर बसानी सवय," तो म्हणाला. "इतलं चालशी का?"

मी चालतो. साक्रीच्या बाजाराच्या दिवशी आता छापखान्यात मी नसतो. मालक माझ्यावरही रागावले आणि माझाही नाद सोडला. हे मी लिहितो आहे तोवर जात्र्या आहे, त्याची फळी माळ्यावर पालथी आहे.

पण वेशीबाहेर एक नवी फळी उभी राहिली. जात्र्यानेच निरोप पाठवून मला बोलावले. नाना त्यांच्या गावचे नव्हते, जातीचे नव्हते, तरी भगताने हरकत घेतली नव्हती. इतका भटकणारा जीव मोकळा सोडणे बरे नाही, असे म्हणाला म्हणे. गावच्याच एकाने कोरली होती. बाजूच्या फळ्यांसारखीच, वर सूर्य, वर चंद्र, खाली डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. हातात पटाशी. आणि नाना घोड्यावर बसले होते. या माणसाला मी जन्मभर ज्या स्थितीत पाहिले नाही, त्या स्थितीत ते डोंगराकडे तोंड करून निवांत बसले होते.

माझ्या पिशवीत कागदाची गुंडाळी होती, शाईची डबी होती, पळी होती. छापखान्यातला माणूस, दुसरे काय बरोबर नेणार? मी गुंडाळी बाहेर काढली. जात्र्या माझ्या मागे काठी टेकून उभा होता.

"कागद लेस का?" त्याने विचारले.

मी हो म्हणालो. धुळ्याला काकूंना दाखवीन.

तो पुढे आला आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "नको लेवू," तो म्हणाला. "आते घोडानं तोंड डोंगरकडे शे. तुना कागदवर ते धुयाकडे व्हई जाई."

मी गुंडाळी पिशवीत घातली.